सहा नंबरचं रान

इंग्लंडमध्ये तोंडावर कुणी खोटारडी म्हणत नाही. तिथं आधी ‘जरा वेळ आहे का?’ असं विचारतात, मग काचेच्या खोलीत बसवतात, पाण्याचा ग्लास पुढं ठेवतात आणि एक कागद हळूच तुमच्याकडं सरकवतात. त्या कागदावर मी आणलेल्या मातीचे आकडे होते. दहा रानं, प्रत्येक रानाच्या तीन पिशव्या. त्यातल्या सहा नंबरच्या रानाभोवती कुणीतरी पेन्सिलीनं गोल केला होता. पेन्सिलीनं, म्हणजे नंतर खोडता येईल असा. माणसाची अब्रू काढायचीसुद्धा यांची रीत किती स्वच्छ.

‘‘इथं थोडी विसंगती दिसते,’’ माझे प्रोफेसर म्हणाले.

विसंगती अशी होती. वरवंडच्या बाजूची कॅनॉलच्या पाण्यानं चोपण झालेली, खार फुटलेली जमीन हा माझ्या पीएचडीचा विषय. उपग्रहाच्या फोटोत सहा नंबरचं रान पांढरंफटक दिसत होतं. मी स्वतः काढलेल्या फोटोतही ढेकळांवर मीठ सांडल्यासारखा थर होता. आणि त्याच रानाची माती पाण्यात ढवळून तपासली तर तिच्यात खार जवळजवळ नाहीच. बरं, वीतभर खालची, दोन वीत खालची आणि हातभर खालची, अशा तीन वेगवेगळ्या पिशव्या असताना तिन्हींचे आकडे सारखे. जमिनीत असं होत नाही. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

‘‘एकाच खड्ड्यातली माती तिन्ही पिशव्यांत भरली तर असं होतं,’’ ते म्हणाले. अगदी समजूतदारपणे ते पुढं म्हणाले, ‘‘तुमच्या भागात लोक समोरच्याला आवडेल तेच देतात, हे आमच्या क्षेत्रात माहीत आहे. तुमच्या नकळतही झालं असेल.’’

तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या भागात म्हणे. या गृहस्थांनी माझा भाग फक्त वरून पाहिला होता, उपग्रहातून. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि वर शेळ्यांचा स्वभाव सांगायचा. पण मी काय केलं? ‘हो, मी बघते’ म्हणाले, पाणी प्यायले आणि ग्लास नेऊन सिंकमध्ये ठेवला. खोलीवर गेल्यावर मात्र भिंतीला ऐकवलं सगळं, शिरूरच्या बाजारातल्या भाषेत.

रागाला कारण होतं. दीड महिन्यानं माझी समिती बसणार होती. दोन वर्षं झाली की तिकडं तीन माणसं बसतात, तुमचं काम उलटंपालटं करून बघतात आणि ठरवतात, ही पुढं जाईल की नाही. नाही म्हणाले की व्हिसा संपायच्या आत बॅग भरायची. आणि मी नुसती नापास होऊन परत गेले नसते. आकडे रचणारी म्हणून गेले असते. आमच्या धंद्यात तो शिक्का एकदा बसला की मेल्यावरच पुसतो. एक रान खोटं निघालं की उरलेली नऊही खोटी धरतात.

मी शिरूरची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, आता रिटायर झालेत आणि शेजाऱ्यांच्या मोटारसायकली फुकट दुरुस्त करतात. वरवंड हे आईचं माहेर. न्हावऱ्याच्या रस्त्यानं चौफुल्याला यायचं आणि तिथून पुढं मिळेल त्या गाडीनं. तिथं आईचे चुलते राहतात, त्यांना सगळं गाव आबा म्हणतं. सहा नंबरचं रान त्यांचंच. सुट्टीत आम्ही त्या रानात हरभरा उपटून ओला खायचो. तेव्हा ते काळंभोर होतं, पायाला मऊ लागायचं. मग कॅनॉल आला, ऊस आला, पाण्यावर पाणी बसत गेलं आणि वर खार फुटायला लागला. मी कॉलेजात जाईपर्यंत ऊस गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडायला लागला होता. कुणी म्हणालं जिप्सम टाका, कुणी म्हणालं चर खणा. एका सरकारी साहेबानं माती तपासून तिचं कार्ड करून दिलं, ते आबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवळीत ठेवलं. जमीन कुणामुळं बिघडली, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही. आपल्याला हे विचारता आलं पाहिजे, पुराव्यानं विचारता आलं पाहिजे, या एका हट्टापायी मी माती शिकायला गेले होते.

पहिल्या वर्षी मी पंधरा दिवस वरवंडला राहून नमुने घेतले. जमिनीतून माती काढायचं गिरमिट घेऊन रानोमाळ हिंडले. नऊ रानं माझ्या हातानं केली. आबांचं रान शेवटी ठेवलं. का? तर घरचं होतं म्हणून. आमच्याकडं पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात, तशी ही माझी शास्त्रीय पद्धत. आणि शेवटच्या दिवशी पुण्याच्या ऑफिसातून फोन आला, माती देशाबाहेर न्यायच्या परवानगीवर एक सही राहिलीय, आजच्या आज या. दुसऱ्या दिवशी विमान.

मी आबांच्या हातात तीन पिशव्या आणि गिरमिट दिलं. खोलीच्या खुणा दाखवल्या. ‘‘आबा, जिथं पांढरं फुटलंय तिथलीच घ्यायची. रानाच्या मधली.’’

‘‘व्हय, व्हय. मला काय माती काढाया शिकवती का? जा तू.’’

रात्री उशिरा पुण्याहून शिरूरला पोचले. सकाळच्या पहिल्या गाडीनं आबा आमच्या घरी हजर. तिन्ही पिशव्या धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून, मांडीवर घेऊन आले होते. इतकं सांभाळून त्यांनी कधी पोरही आणलं नसेल. आई माझ्या बॅगेतून लसणाच्या चटणीचा डबा बाहेर काढत होती, वजन बसत नव्हतं म्हणून. ‘‘मातीला जागा हाय आन् चटणीला न्हाई,’’ ती म्हणाली आणि डबा जोरात फडताळात ठेवला. मी तिकडं लक्ष दिलं नाही. मी नमुन्यांचा तक्ता भरत होते. त्यात एक रकाना असतो, नमुना कुणी घेतला. दहाच्या दहा ओळींत मी माझी सही ठोकून दिली.

म्हणजे काचेच्या खोलीत प्रोफेसरांसमोर मी जळफळत होते तेव्हा ती सहीही मला आठवत होती. दहावी सही खोटी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही, आणि त्यामुळं माझा राग कमी झाला असं अजिबात नाही. उलट वाढला. स्वतःचा पाय अडकलेला असला की माणूस जास्त ओरडतो.

आबांना फोन केला. ‘‘आबा, माती मी सांगितली तिथलीच भरली होती ना?’’

‘‘भरली की. झ्याक भरली.’’

यापुढं फोनवर काही निघणार नव्हतं. मी आठवड्याची रजा टाकली आणि आले.

वरवंडला पोचले तेव्हा दुपार होती. आबा ओट्यावर बसून पाठीला लिंबाचा पाला लावून घेत होते, घामोळं आलं होतं म्हणून. त्यांची बायको, आमची आजी, लावत होती. मला बघून दोघांना आनंद झाला, चहा झाला, विमानात काय खायला देतात हे विचारून झालं. मी म्हटलं, ‘‘आबा, माती काढली तो खड्डा दाखवा.’’

ते लगेच उठले. जराही आढेवेढे नाहीत. मला वाटलं रानाच्या मध्यावर नेतील. ते मला विहिरीकडं घेऊन गेले. विहिरीच्या वरच्या अंगाला, बांधाला लागून एक वाफा होता, दोन बाजा मांडल्या तर भरून जाईल एवढा. तिथं मेथी होती, चार वांग्यांची झाडं होती. कडेला एक खड्डा होता, अजून पुरता बुजलेला नव्हता.

‘‘हितली हाय,’’ आबा म्हणाले. खाली बसले आणि मूठभर माती उचलून माझ्या हातावर ठेवली. ‘‘बघ. अख्ख्या रानात आता एवढीच काळी राहिलीया.’’

आणि मागून आजी आली होती, ती म्हणाली, ‘‘मी पिठाच्या चाळणीनं चाळून दिली. एक खडा ठिवला न्हाई, एक मुळी ठिवली न्हाई.’’

मला रडू यायला हवं होतं असं कुणाला वाटेल. मला नाही आलं. मी भडकले. वडीलधाऱ्या माणसाशी बोलू नये तशी बोलले. म्हटलं, आबा, मी तुम्हाला काय सांगितलं होतं आणि तुम्ही काय केलं? तिकडं मला चोर ठरवलंय. माझी दोन वर्षं मातीत गेली. मी सांगितलं होतं ना पांढरं फुटलंय तिथली घ्या म्हणून? एवढं साधं काम होतं.

आबांनी हातावरची माती झटकली. मग म्हणाले, ‘‘आगं, पाव्हण्यारावळ्यात जायाचं म्हटलं की माणूस धुतलेलं कापड घालतं. आन् ही माती तर परदेशात चाललेली. तिला काय तशीच धाडू? सायेब म्हणला असता, हिच्या आज्याच्या रानात असली माती? तुझं हसं झालं आसतं.’’

‘‘साहेबाला खराबच माती हवी होती, आबा.’’

‘‘खराब माती कुणाला कशाला पायजे?’’

त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि चूक त्यांची एकट्यांची नव्हती, हे मला तिथं उभं राहूनच कळायला लागलं. देवळीतलं ते कार्ड मला आठवलं. त्या कार्डावर आबांची जमीन ‘मध्यम’ निघाली होती आणि आम्हाला सगळ्यांना नवल वाटलं होतं. मी विचारलं, ‘‘त्या कार्डासाठी माती कुठली दिली होती?’’

‘‘हितलीच की. सगळ्यांनीच आपापली बरी बघून दिली. कार्डावर आपलं नाव आसतंय.’’

म्हणजे गावानं गावभराची चांगली माती सरकारला दिली होती. मातीची परीक्षा आहे म्हटल्यावर त्यांनी आपलं हुशार पोर पुढं केलं. शाळेत साहेब तपासायला आले की मास्तर पहिल्या बाकावर कुणाला बसवायचे? आमच्या शाळेत मलाच बसवायचे. मागच्या बाकांवरची पोरं त्या दिवशी घरी राहिली तर मास्तर काही म्हणत नसत. जन्मभर आम्हाला हेच शिकवलंय, दाखवायचं ते चांगलंच. आता म्हणे तुमच्या भागात लोक आवडेल तेच देतात. अहो, बाहेरून आलेल्या माणसानं खरं बघून आजवर आमचं काय भलं केलं, म्हणून आम्ही खरं दाखवावं?

आणि मी तरी काय वेगळं करत होते? दर रविवारी आईशी व्हिडिओवर बोलायचे ते खोलीतल्या एकाच कोपऱ्यात बसून, जिथं भिंतीला ओल आलेली नाही तिथं. सगळं छान आहे म्हणायचे. प्रयोगशाळेत सगळे जेवायला एकत्र जायचे आणि मला विचारायचे विसरायचे, हे मी घरी एकदाही सांगितलं नव्हतं. तिकडं कुणी गाव विचारलं तर ‘पुण्याजवळ’ म्हणायचे. मीसुद्धा चाळणीनं चाळूनच देत होते, दोन्हीकडं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. कुणाला बोलणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रानाच्या मध्यावर गेलो. ऊन वाढायच्या आत काम करायचं होतं. वरचा थर पापडासारखा मोडत होता आणि खाली चिकट, जड. मी गिरमिट हातात घेतलं तर आबांनी काढून घेतलं. ‘‘माझ्या हातानं बिघडलं, माझ्याच हातानं नीट व्हईल.’’ वीतभर, दोन वीत, हातभर. प्रत्येक वेळी ते माती चिमटीत घेऊन जिभेला लावत आणि थुंकत. ‘‘वरची खारी. मधली जास्ती खारी. ह्यी तर कडूच हाय.’’ पुढं यंत्रानं जे आकडे दिले ते अगदी याच क्रमानं होते, पण तो भाग नंतरचा.

तिसरी पिशवी बांधल्यावर आबा म्हणाले, ‘‘ह्यी धाडायची म्हंजी गावाफुडं लुगडं फेडल्यावाणी वाटतंय बघ.’’ बाजूला बघत म्हणाले. मी पिशवीवर नंबर लिहिला.

मग मी नवा तक्ता काढला. ‘नमुना कुणी घेतला’ या रकान्यापुढं त्यांना सही करायला सांगितली. त्यांनी चष्मा मागवला, हात धोतराला पुसले आणि पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, शेजारच्या दोन रकान्यांत जाईपर्यंत.

समितीसमोर मी सगळं सांगितलं. दहावी सही माझी असायला नको होती, हेही सांगितलं. वाफा सांगितला, चाळणी सांगितली. तिघांतल्या एक बाई हसल्या, मनापासून हसल्या, ‘किती गोड’ म्हणाल्या. मला त्यात गोड काही दिसलं नव्हतं. प्रोफेसरांनी विचारलं, ‘‘दुसऱ्या वेळी नमुना घेणारी व्यक्ती प्रशिक्षित होती का?’’

मी म्हटलं, ‘‘पन्नास वर्षं तेच रान कसतायत.’’

‘‘म्हणजे औपचारिक प्रशिक्षण नाही.’’

‘‘नाही. मी शेजारी उभी होते.’’

त्यांनी ते लिहून घेतलं. मग पडद्यावर नवे आकडे आले. सहा नंबरचं रान दहाही रानांत सगळ्यात वाईट निघालं होतं, आणि खालच्या थरात इतका खार, की फोटोवरून खार ओळखायची आमच्या अंदाजाची रेघ त्या एका रानानं पक्की केली. उपग्रहाचा फोटोही आता जुळत होता. प्रोफेसर खुर्चीत पुढं सरकले. ‘‘सुंदर,’’ ते म्हणाले. ‘‘हे फारच सुंदर आहे.’’

मी त्या माणसाकडं बघत राहिले. लहानपणी ज्या रानात मी हरभरा खाल्ला, ते मेलं होतं, आणि हा सुंदर म्हणत होता. पेन्सिलीचा गोल, तुमच्या भागात वगैरे, त्याबद्दल एक शब्द नाही. माफी तर लांबच. मला वाटलं उठावं आणि विचारावं, तुमच्या आज्याच्या शेतात असं झालं असतं तर काय म्हणाला असता? पण त्याच सुंदरपणावर माझा निकाल टांगलेला होता. मी मूग गिळून बसले. मला पास केलं.

पुढं तो लेख छापायला जाताना आबांचं नाव मी नमुने घेणाऱ्यांत घातलं होतं. ते काढलं गेलं. ‘एका स्थानिक मदतनिसाने’ असं आलं. मी तीन ईमेल केल्या, तिन्हींना सौजन्यपूर्ण उत्तरं आली. प्रघात नाही म्हणे. ती भांडणं मी अजून सोडलेली नाहीत आणि सोडणारही नाही, पण छापलं गेलं ते गेलं.

समितीचा निकाल लागला त्याच दिवशी वरवंडला फोन लावला होता. आजीनं उचलला आणि आबांना हाक मारली. ते घाईनं आले असावेत, दम लागला होता.

‘‘काय झालं आपल्या मातीचं? पास का नापास?’’

‘‘नापास, आबा. दहा रानांत शेवटून पहिली.’’

‘‘आन् तू?’’

‘‘मी पास झाले.’’

मग आजीला सांगितलेलं मला ऐकू आलं, ‘‘पोरगी पास झाली गं.’’ आणि मला म्हणाले, ‘‘मंग झालं तर. आमचं रान नापास झालं तवा तू पास झालीस व्हय. काई का आसंना, कुणाच्या तरी कामाला आलं.’’

मी त्यांना तब्येतीचं विचारलं, पाण्याचं विचारलं. फोन ठेवायच्या वेळी ते म्हणाले, ‘‘ती आधीची माती हाय ना गं तुझ्याजवळ? वाफ्यातली. तीन पिशव्या. त्या सायबाला तर ती नको व्हती.’’

‘‘हो.’’

‘‘मंग येताना तेवढी परत आण. त्या खड्ड्यात घालीन म्हणतो. मेथीला जागा कमी पडतीया.’’

तिकडं नियम असा आहे की बाहेरच्या देशातली माती काम झालं की भट्टीत जाळून टाकायची. माझ्याच हातानं मी त्या तिन्ही पिशव्या आदल्या आठवड्यात भट्टीवाल्या माणसाकडं दिल्या होत्या आणि त्याच्या वहीत सही केली होती. ती सही अगदी खरी होती.

‘‘आणते, आबा,’’ मी म्हणाले.